पाटीचा अर्थ आणि गिऱ्हाइकाचे मौन

१

दुकानाच्या दारावरील पाटी वाङ्मयसमीक्षेचा विषय होऊ शकते काय, हा प्रश्न निदान पुण्यात तरी फारसा वादग्रस्त ठरू नये. दारावरची घंटा किती वेळा वाजवावी, वाहन कोठे लावू नये, पत्ता कोणास विचारू नये, यासंबंधीचे गद्य या नगरीत भिंतीभिंतीवर वाचावयास मिळते. त्याचे संग्रह होतात, त्यातील तिरकसपणाचे कौतुक होते आणि 'पुणेरी पाटी' हे नावच एका लेखनप्रकाराची संज्ञा होऊन बसले आहे. पाटीकडे वाङ्मय म्हणून पाहण्याची ही दृष्टी केवळ पुणेकरांचीच आहे असेही नाही. निसीम एझिकेल यांनी मुंबईतील एका इराणी उपाहारगृहात गिऱ्हाइकांसाठी लावलेल्या निषेधांच्या यादीवरून 'इराणी रेस्टॉरंट इन्स्ट्रक्शन्स' ही इंग्रजी कविता सिद्ध केली. मालकाने व्यवहारासाठी लिहिलेले शब्द कवीने संदर्भातून उचलले आणि त्यांतून एका शहराचा स्वभाव बोलू लागला.

तथापि, पाटीचा हा रसास्वाद बहुधा विनोदापाशी थांबतो. पाटीवरील नाव किंवा चित्र एखाद्या मानवसमूहाच्या अवमानाचे चिन्ह असेल, तर त्याचा अर्थ कसा लावावयाचा, आणि तो अर्थ ज्याला कळला त्याच्यावर कोणती जबाबदारी येते, याचा विचार मराठीत अभावानेच झालेला आहे. वंशद्वेषाची प्रतिमा ही पाश्चात्त्य देशांतील समस्या होय, आपल्याकडे जातीचा प्रश्न आहे, वंशाचा नाही, असे म्हणून हा विषय बाजूस सारण्याची रीत आहे. परंतु महाराष्ट्रातच घडलेले एक उदाहरण असे आहे की, ते तपासले असता ही समजूत टिकत नाही. त्या उदाहरणाच्या आधारे पाटीचा अर्थ कोठून येतो, आणि तिच्यापुढील मौन हा कोणाचा दोष ठरतो, या दोन प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे.

२

२००६ च्या ऑगस्ट महिन्यात नवी मुंबईतील खारघर येथे 'हिटलर्स क्रॉस' या नावाचे एक उपाहारगृह सुरू झाले. दर्शनी भागी हिटलरचे चित्र होते आणि नावाच्या पाटीवर नाझी पक्षाचे स्वस्तिकचिन्ह होते. नाव चटकन लक्षात राहावे, इतरांहून वेगळे असावे, एवढाच हेतू होता, नाझी विचारांचा प्रसार करण्याचा उद्देश नव्हता, असा खुलासा चालकांकडून करण्यात आला. भारतातील ज्यू समाजाच्या प्रतिनिधींनी आक्षेप घेतला. मुंबईतील इस्रायली वकिलातीनेही नापसंती कळविली. काही दिवसांतच चालकांची व समाजाच्या प्रतिनिधींची भेट होऊन नाव बदलण्याचे ठरले. 'हिटलर' हा शब्द गेला, 'क्रॉस' तेवढा राहिला.

वृत्तपत्रांच्या दृष्टीने प्रकरण येथे संपले. समीक्षेच्या दृष्टीने ते येथे सुरू होते, कारण ही पाटी ज्या भूमीवर लागली त्या भूमीचा विचार केल्याशिवाय तिचा अर्थ पूर्ण होत नाही. खारघर हे रायगड जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यात येते. याच जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यात, अलिबागजवळील नवगाव आहे. बेने इस्रायल समाजाच्या परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचे गलबत तेथे फुटले आणि वाचलेल्या सात जोडप्यांपासून हा समाज वाढला. गावोगावी तेल गाळण्याचा धंदा करणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणात त्यांना 'शनिवार तेली' हे नाव पडले. पेणकर, रोहेकर, केहीमकर, नवगावकर ही त्यांची आडनावे म्हणजे त्या जिल्ह्याचा नकाशाच होय. खारघरपासून जवळच असलेल्या पनवेलमध्ये त्यांचे एकोणिसाव्या शतकातील प्रार्थनामंदिर अद्याप उभे आहे. या समाजाची मातृभाषा मराठी. जोसेफ एझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत बायबलमधील आख्यानांवर मराठी कीर्तने होऊ लागली. हायम सॅम्युएल केहीमकर यांनी समाजाचा इतिहास लिहिला, तो १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला. वर उल्लेखिलेले एझिकेल याच समाजातले, आणि इंदिरा संत यांच्या कवितांचे वृंदा नाबर यांच्यासह इंग्रजी भाषांतर करणारेही तेच.

पुण्यालाही हा समाज परका नाही. रास्ता पेठेत बेने इस्रायलांचे 'सुक्कथ शेलोमो' हे प्रार्थनामंदिर आहे. लष्कर भागातील 'ओहेल डेव्हिड' हे डेव्हिड ससून यांनी उभारविलेले बगदादी ज्यूंचे मंदिर १८६७ मध्ये पूर्ण झाले. त्याच्या तांबड्या विटांवरून पुणेकर त्याला 'लाल देऊळ' म्हणतात. एका परधर्मीयाच्या प्रार्थनास्थळाला 'देऊळ' हा आपला शब्द सहजपणे देणारी भाषा आणि त्याच धर्मीयांच्या संहारकाचे नाव खाण्याच्या दारावर सहजपणे लावणारी बाजारपेठ, या दोन्ही एकाच प्रदेशात नांदाव्यात, ही विसंगती विचार करण्याजोगी आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास वीस हजारांच्या घरात असलेला भारतातील ज्यू समाज स्थलांतरामुळे आता काही हजारांवर आला आहे. म्हणजे ज्यांना ती पाटी वाचून वेदना व्हावयाची ते थोडे होते, आणि ज्यांनी ती वाचून पुढे जावयाचे ते असंख्य होते.

३

'आमचा तसा हेतू नव्हता' हा बचाव येथे तपासावयास हवा, कारण अशा प्रत्येक प्रसंगी तो हटकून पुढे येतो. अर्थाचा उगम बोलणाऱ्याच्या हेतूत आहे, आणि हेतू निर्मळ असेल तर शब्दही निर्मळ ठरतो, असे या बचावाचे गृहीत आहे. भारतीय काव्यशास्त्राने हे गृहीत कधीच मान्य केलेले नाही. अभिधा, लक्षणा व व्यंजना या तीन शक्तींचा विचार करताना मम्मटाने व्यंग्यार्थाची प्रतीती वक्त्याच्या वैशिष्ट्यावर अवलंबून असते हे तर सांगितलेच, परंतु त्याबरोबर ज्याला उद्देशून बोलले जाते तो, प्रसंग, देश, काल, यांचीही गणना केली. अर्थ हा वक्त्याच्या मालकीचा नसून वक्ता, श्रोता व प्रसंग यांच्या संबंधातून उत्पन्न होतो, हा त्यातील सिद्धान्त. पाटीला तो विशेषेकरून लागू पडतो. पुस्तकाचा वाचक ते पुस्तक निवडतो. पाटीला मात्र वाचक निवडता येत नाही, आणि वाचकालाही पाटी टाळता येत नाही. रस्त्याने जाणारा प्रत्येक जण तिचा श्रोता असतो.

स्वस्तिकाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. मराठी घराच्या उंबरठ्यावर, वहीच्या पहिल्या पानावर, लग्नपत्रिकेच्या शिरोभागी काढलेले स्वस्तिक मंगलवाचक आहे, आणि कोणाही ज्यू शेजाऱ्याने त्यास हरकत घेतल्याचे ऐकिवात नाही. नाझी पक्षाने १९२० मध्ये स्वीकारलेले व १९३५ मध्ये जर्मनीच्या राष्ट्रध्वजावर आलेले चिन्ह तांबड्या भूमीवरील पांढऱ्या वर्तुळात काळ्या रंगाने, बहुधा तिरके, काढले जाते. तथापि रंग व कोन हा दोहोंतील खरा भेद नव्हे. हिटलरच्या नावाशेजारी येताच तीच रेषाकृती मंगलाचा अर्थ टाकून देते व साठ लक्ष ज्यूंच्या, तसेच लक्षावधी रोमा, पोलिश, रशियन व अपंग माणसांच्या हत्येचा अर्थ धारण करते. 'हे आमचेच प्राचीन चिन्ह आहे' हा युक्तिवाद म्हणूनच फसवा आहे. ज्या संदर्भात ते मांडले गेले तो संदर्भ प्राचीन नव्हता.

'हिटलर' हा शब्द मराठी बोलण्यात पूर्वीपासून रुळलेला आहे, असेही समर्थन केले जाते. कडक मुख्याध्यापक, करडा बाप, कार्यालयातील जाच करणारा वरिष्ठ यांना 'हिटलर' म्हटले जाते, आणि २०११ मध्ये तर 'हिटलर दीदी' या नावाची एक हिंदी दूरदर्शन मालिकाही आली. ही लक्षणा होय. मुख्यार्थाचा बाध, मुख्यार्थाशी काही संबंध, आणि रूढी किंवा प्रयोजन ही लक्षणेची तीन निमित्ते शास्त्रकार सांगतात. घरगुती बोलण्यातील 'हिटलर' रूढीने आलेला आहे. त्यात मूळ माणसाच्या कृत्यांपैकी शिस्त व दरारा एवढेच उरते आणि हत्याकांड गळून पडते. अर्थाचा असा संकोच होणे भाषेला नवे नाही. परंतु संहाराचा कर्ता केवळ 'कडक माणूस' म्हणून स्मरणात राहावा, हा संकोच निरुपद्रवी म्हणता येत नाही. पाटीवरील 'हिटलर' तर याहूनही निराळा आहे. तेथे लक्षणा रूढीची नसून प्रयोजनाची आहे, आणि ते प्रयोजन गल्ला भरण्याचे आहे. नाव खळबळजनक आहे म्हणूनच ते निवडले जाते. खळबळ कशामुळे होते हे ठाऊक असल्याखेरीज अशी निवड संभवत नाही. अर्थाचा लाभ घ्यावयाचा आणि अर्थाची जबाबदारी नाकारावयाची, असा हा दुटप्पी व्यवहार आहे.

त्यानंतरची उदाहरणे याच साच्याची आहेत. २००७ मध्ये मुंबईत चादरींच्या एका मालिकेला 'नाझी कलेक्शन' हे नाव देण्यात आले, आणि ते इंग्रजीतील चार शब्दांच्या आद्याक्षरांनी बनले आहे असा खुलासा झाला. २०१२ मध्ये अहमदाबादेत 'हिटलर' नावाचे कपड्यांचे दुकान निघाले, आणि भागीदाराच्या कडक स्वभावाच्या आजोबांना ते टोपणनाव होते असे सांगण्यात आले. खुलासे वेगवेगळे, परंतु युक्ती एकच: अवमान झाला असेल तर तो वाचणाऱ्याच्या मनात झाला, लिहिणाऱ्याच्या हातून नव्हे.

४

हेतूचा बचाव टिकला नाही की अज्ञानाचा बचाव येतो. युरोपातील इतिहास येथील व्यापाऱ्याला कोठून ठाऊक असणार, असे म्हटले जाते. वैयक्तिक अज्ञान क्षम्य असते यात शंका नाही. मात्र समाजाच्या अज्ञानालाही एक इतिहास असतो, आणि महाराष्ट्राच्या बाबतीत तो इतिहास अज्ञानाचा कमी आणि सोयीस्कर विस्मरणाचा अधिक आहे.

१९३० नंतरच्या दशकात जर्मनी व इटली यांतील घडामोडी मराठी वाचकाला अपरिचित नव्हत्या. पुण्यातील वृत्तपत्रांतून त्यांची चर्चा होत असे, आणि ती नेहमीच प्रतिकूल असे असेही नाही. १ ऑगस्ट १९३८ रोजी पुण्यातील जाहीर सभेत वि. दा. सावरकर यांनी, जर्मनीने नाझीवाद व इटलीने फॅसिझम पत्करावा की नाही हे ठरविण्याचा अधिकार त्या त्या राष्ट्राचा आहे, अशा आशयाची भूमिका मांडली. इंग्रजांचा शत्रू तो आपला मित्र, हा हिशेब त्या काळी अनेक पक्षांच्या अनेक माणसांनी केला. पारतंत्र्याच्या संदर्भात तो समजून घेता येतो. परंतु त्याच काळात त्या हिशेबास विरोध करणारी माणसेही येथेच होती. मानवेंद्रनाथ रॉय आणि त्यांच्यासमवेत असलेले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी फॅसिझमचा पराभव ही स्वातंत्र्याचीच पूर्वअट मानली व त्यापायी लोकप्रियतेवर पाणी सोडले. अर्थात् ज्ञान उपलब्ध होते, निवडही उपलब्ध होती. पुढे कौतुक तेवढे उरले आणि वाद विसरला गेला. पुण्याच्या पदपथांवरील पुस्तकांच्या ढिगांत 'माइन काम्फ' इंग्रजीत व मराठी अनुवादात यशस्वी माणसांच्या चरित्रांशेजारी मांडलेले दिसते. त्या ग्रंथाचे अस्तित्व आक्षेपार्ह नाही, कारण इतिहासाच्या अभ्यासकाला तो वाचावाच लागतो. त्याची जागा मात्र अर्थपूर्ण आहे. पुस्तके मांडणारा विक्रेता तो इतिहासाच्या रांगेत न ठेवता व्यक्तिमत्त्वविकासाच्या रांगेत ठेवतो. तेव्हा खारघरची पाटी ही एका दुकानदाराची चूक नसून एका वाचनसंस्कृतीचे फलित होय.

५

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळावयाचे. पाटी अवमानकारक आहे हे मान्य केले, तरी त्याविषयी बोलावे कोणी? रूढ उत्तर असे की, ज्याचा अवमान झाला त्याने. खारघरच्या बाबतीत तसेच घडले. आक्षेपाचा पुढाकार ज्यू समाजाला घ्यावा लागला. हे उत्तर वरवर न्याय्य दिसते. वस्तुतः त्यात दुहेरी अन्याय आहे. ज्याला इजा झाली त्यानेच ती सिद्ध करावयाची, आणि सिद्ध करताना 'फार हळवे' असा शेराही ऐकावयाचा. समाज जितका लहान, तितके हे ओझे जड.

याउलट भूमिकेला आधार भारतीय संविधानातच सापडतो. अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडाने दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले व करमणुकीची स्थाने यांतील प्रवेशाबाबत धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणांवरून कोणाही नागरिकावर निर्बंध घालण्यास मनाई केली. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानसभेत या तरतुदीची चर्चा चालली असता डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 'दुकान' या शब्दाचा अर्थ व्यापक केला. सेवा घेण्यास येणाऱ्या कोणालाही आपली सेवा देण्यास मालक जेथे सिद्ध असतो ते दुकान, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता. या व्याख्येत दुकान ही केवळ खासगी मालमत्ता उरत नाही. 'कोणीही यावे' हे निमंत्रण तिच्या स्वरूपातच अनुस्यूत होते. १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे अधिनियमाने, ज्याला १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण अधिनियम हे नाव आहे, हे निमंत्रण नाकारणे दंडनीय ठरविले. त्यामुळे कपबशी वेगळी ठेवणारा चहावाला निदान कायद्यापुढे तरी अपराधी झाला.

कायद्याची मर्यादा येथेच दिसते. दार बंद करणाऱ्याला कायदा पकडू शकतो. दार उघडे ठेवून दारावर अवमान टांगणाऱ्यापर्यंत मात्र त्याचा हात सहसा पोहोचत नाही, आणि पोहोचावा असेही सरसकट म्हणता येणार नाही, कारण अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा संकोच करणारे शस्त्र एकदा उपसले की ते कोणावर चालेल याचा नेम नसतो. परंतु कायद्याने ज्याला आत घेतले त्याला पाटीने बाहेर काढले, तर निमंत्रणाला काय अर्थ उरला? ज्या उपाहारगृहाच्या दारावर आपल्या आप्तांच्या मारेकऱ्याचे चित्र आहे तेथे जाण्याची मोकळीक ही मोकळीक नव्हे. कायदा जेथे थांबतो तेथे नागरिकाचे, म्हणजे प्रत्यक्षात गिऱ्हाइकाचे, कर्तव्य सुरू होते. ते कर्तव्य प्रथमतः ज्याचा अवमान झालेला नाही त्याचे असते, कारण पाटी त्याच्या भरवशावर उभी असते. बहुसंख्यांना ती गमतीची वाटेल, या अंदाजावरच मालकाने ती लावलेली असते. तेव्हा निमूटपणे आत जाऊन चहा पिणारे गिऱ्हाईक हे तटस्थ नसते. त्याच्या प्रत्येक पैशाने त्या अंदाजावर शिक्कामोर्तब होते.

ही कल्पना पुण्याला नवी नाही. १९२९ च्या ऑक्टोबरात पर्वतीच्या देवस्थानात अस्पृश्य मानलेल्यांना प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह झाला. शिवराम जानबा कांबळे व पां. ना. राजभोज यांच्यासारखे दलित पुढारी त्यात अग्रभागी होते. काकासाहेब गाडगीळ व एस. एम. जोशी यांच्यासारखे, ज्यांना पर्वतीची वाट कधीच अडविली गेली नव्हती असे कार्यकर्तेही त्यांच्या जोडीला उभे राहिले, आणि जमावाचा मार त्यांनी खाल्ला. सत्याग्रह तत्काळ सफल झाला नाही. तरीही अन्याय ज्याच्यावर झाला त्याच्याबरोबर, अन्याय ज्याच्या नावाने झाला त्यानेही बोलले पाहिजे, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले. मंदिर व उपाहारगृह यांत भेद आहे. परंतु 'हे आमच्यासाठी आहे, तुमच्यासाठी नाही' असे सांगणारी व्यवस्था ज्यांच्या नावाने चालते त्यांचे मौन, हा दोन्हीकडचा समान आधार होय.

६

बोलण्याचे कर्तव्य मान्य केले की ताबडतोब एक रास्त शंका उभी राहते. महाराष्ट्रात आक्षेप घेणाऱ्यांची उणीव आहे काय? नाटकावर, चित्रपटावर, पुस्तकावर, कोशातील एखाद्या शब्दावरही भावना दुखावल्याची तक्रार येते. ५ जानेवारी २००४ रोजी जेम्स लेन यांच्या शिवचरित्रविषयक ग्रंथाच्या निमित्ताने जमावाने पुण्यातील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर हल्ला केला व तेथील ग्रंथसंपदेची नासधूस केली. हा ग्रंथ भारतातील विक्रीतून प्रकाशकांनी आधीच मागे घेतलेला होता. असे असता 'बोला' असा उपदेश करणे म्हणजे आगीत तेल ओतणे नव्हे काय?

या शंकेचे निरसन दोन प्रसंगांच्या तुलनेनेच होऊ शकते. भांडारकर संस्थेवरील हल्ल्यात बहुसंख्यांच्या नावाने, बळाच्या जोरावर, ज्ञानाच्या साधनांवर घाला घातला गेला. तेथे संवाद नव्हता, आणि चूक दुरुस्त करण्याची संधी कोणास देण्याचा प्रश्नही नव्हता. खारघरच्या प्रसंगात एका अल्पसंख्य समाजाने आपले म्हणणे शब्दांनी मांडले, मालकाशी भेट घेतली, आणि मालकाने नाव बदलले. काच फुटली नाही, धंदा बुडाला नाही, कोणास तोंड लपवावे लागले नाही. आक्षेप व आक्रमण यांतील भेद यावरून तीन अंगांनी स्पष्ट होतो. आक्षेप दुर्बलाच्या बाजूने घेतला जातो, आक्रमण प्रबळाच्या नावाने होते. आक्षेप कारण सांगतो, आक्रमण कारण विचारू देत नाही. आक्षेप समोरच्याला बदलण्यास अवसर देतो, आक्रमण त्याला नमविण्यातच समाधान मानते. किंबहुना असेही म्हणता येईल की, सभ्य माणसे बोलावयाच्या वेळी बोलत नाहीत म्हणूनच निषेधाची भाषा असभ्यांच्या हाती जाते. गल्ल्यावर बसलेल्या मालकाला 'ही पाटी योग्य नाही' असे दोन वाक्यांत, आवाज न चढविता सांगणे ही फार मोठी शौर्याची गोष्ट नव्हे. ती अवघड वाटते, कारण तिच्यात जमावाचा आधार नसतो.

७

येथपर्यंतचे विवेचन वाचून समाधान पावणे सोपे आहे, कारण हिटलर दूरचा आहे. या कर्तव्याची खरी कसोटी दूरच्या प्रतिमेवर लागत नाही. ती रोज डोळ्यांपुढे असल्यामुळे दिसेनाशा झालेल्या प्रतिमेवर लागते. लक्ष्मी रस्त्यावरील दुकानांच्या दर्शनी काचांतून, औषधांच्या दुकानांतील फलकांवरून, केशकर्तनालयांच्या भिंतींवरून वर्षानुवर्षे एकच कथा चित्रांत सांगितली गेली: काळवंडलेला उदास चेहरा, त्याशेजारी उजळलेला हसरा चेहरा. 'फेअर अँड लव्हली' हे मलम १९७५ मध्ये बाजारात आले. २०२० मध्ये, अमेरिकेतील जॉर्ज फ्लॉइड यांच्या हत्येनंतर जगभर वर्णद्वेषाविरुद्ध आवाज उठला तेव्हा, त्याच्या नावातील 'फेअर' हा शब्द उत्पादकांनी काढला. त्याच सुमारास एका विवाहविषयक संकेतस्थळाने वर्णानुसार स्थळे निवडण्याची सोय काढून टाकली, आणि त्यामागे परदेशस्थ भारतीय स्त्रियांनी चालविलेली सह्यांची मोहीम होती. भारतीय जाहिरात मानक परिषदेने सावळ्या वर्णाला हीन लेखणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक नियम २०१४ मध्येच केले होते. पंचेचाळीस वर्षे जे नाव कोट्यवधींनी वाचले ते बदलण्यास दुसऱ्या खंडातील घटना कारणीभूत व्हावी, हे येथील मौनाचे माप होय.

या मौनाची मुळे भाषेत किती खोल गेली आहेत हे पाहण्यासाठी दूर जावयास नको. स्थळ सांगताना 'सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस' असे म्हणण्याची मराठी रीत आहे. या वाक्यातील सारा वर्णविचार त्या 'पण' या अव्ययात साठलेला आहे. वर्ण हा दोष आहे आणि नाकडोळे ही त्याची भरपाई आहे, हे विधान उघडपणे न करता ते एक अव्यय गृहीत धरून चालते. ज्याचा आराध्य विठ्ठल सावळा, त्याच समाजाने मुलीच्या वर्णासाठी 'पण' वापरावा! पाटीवरील प्रतिमा अशा अव्ययांच्या बळावर उभी राहते. दुकानदार नवी हीनता निर्माण करीत नाही. बोलण्यात लपलेली हीनता तो रंगवून काचेत ठेवतो व तिला किंमतीची चिठ्ठी लावतो.

वंशद्वेषाची प्रतिमा ही आपल्याकडील समस्या नव्हे, ही समजूत येथे पूर्णपणे कोसळते. खारघरचे चित्र आणि मलमाचे चित्र यांच्या क्रौर्यात अंतर आहे. ते पुसून टाकणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु दोहोंची अर्थनिर्मितीची रीत एकच आहे. दोन्ही ठिकाणी बाजार एका समूहाच्या अवमानाचे रूपांतर दुसऱ्याच्या आकर्षणात करतो, आणि दोन्ही ठिकाणी हा व्यवहार, ज्याचा अवमान झालेला नाही अशा गिऱ्हाइकाच्या संमतीवर चालतो.

साहित्याच्या अभ्यासकाचा यात विशेष संबंध काय, असे कोणी विचारील. त्याला अर्थ लावण्याचे शिक्षण मिळालेले असते, हाच तो संबंध. व्यंजना कळणाऱ्या वाचकाला शास्त्रकारांनी 'सहृदय' म्हटले. या शब्दाचा वापर आजवर मुख्यत्वे आस्वादापुरता झाला. काव्यातील दुःख ज्याला आपलेसे वाटते तो सहृदय, असे शिकविले जाते. मग रस्त्यावरच्या पाटीतील दुसऱ्याचे दुःख ज्याला वाचता येते, आणि तरीही जो काही न बोलता पुढे जातो, त्याला हे नाव द्यावयाचे की नाही, याचा निर्णय सहृदयतेची संकल्पना वर्गात शिकविणाऱ्यांनी व शिकणाऱ्यांनीच करावयाचा आहे. पुणेकराला पाटी वाचता येते, याबद्दल कोणासही संशय नाही. वाचल्यानंतर तो काय करतो, एवढाच प्रश्न उरतो.